टेकायला जागा नसलेली गाडी

डेल्बर्ट स्टोव्हॉल चारचौघांत कधी उठून दिसला नाही, आणि त्याला तेच हवं होतं. सगळा जन्म त्याने कॉटर गावच्या कापसाच्या जिनमध्ये काढला. हंगाम लागला की सरकी वेगळी करायची, गाठी बांधायच्या, आणि यंत्राच्या पट्ट्यात कुणाचा हात जात नाही ना यावर डोळा ठेवायचा. गावाला शंभर वर्षं झाली तेव्हाचा मोठा फोटो शाळेत टांगलेला आहे. त्यात डेल्बर्ट आहे म्हणतात, पण मला तरी कुणाच्या तरी टोपीमागे त्याचा अर्धा कान तेवढा दिसतो. लग्नातसुद्धा सगळं बोलणं नेल्डाने केलं आणि याने मान हलवली. अशा माणसाच्या दारात ती गाडी येऊन उभी राहावी, म्हणजे नशिबाने थट्टाच मांडली म्हणायची.

गाडी म्हणजे विजेवर चालणारी पिकअप. पिकअप आमच्या टेक्ससच्या या सपाट मुलखात काही नवलाची नाही, इथे पोरं चालायला शिकायच्या आधी पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात बसायला शिकतात. पण ही पट्टी घेऊन काढल्यासारखी होती. गोलाई म्हणून कुठे नाही. रंगाचा पत्ता नाही, नुसतं उघडं पोलाद. नाकापासून चढत जाऊन डोक्यावर टोक, आणि तिथून शेपटीपर्यंत उतार.

ती पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा न्हाव्याच्या दुकानातून एक जण अर्धी हजामत आणि गळ्यातलं कापड तसंच घेऊन रस्त्यावर आला. पेट्रोल पंपावर कॉफी विकणाऱ्या डार्लीनने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "डेल्बर्ट, तू फ्रिज चालवतोयस की फ्रिज तुला घेऊन निघालाय?" शेतीच्या सामानाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, वादळात धान्याची कोठी उलटली होती, यानं तिलाच चाकं लावलेली दिसतात. हसण्यावारी नेण्यासारखं सगळं होतं, पण ज्याच्यावर हसतात त्याला विचारावं.

मोठ्या रस्त्यावर तर वेगळीच तऱ्हा. कुणी शिट्टी वाजवायचं, कुणी बोट दाखवायचं, आणि ते कोणतं बोट हे सांगायला नको. एकदा डॅलसकडचा एक मनुष्य गाडीला मिठी मारावी तसा डेल्बर्टला येऊन बिलगला आणि "आपण पुढच्या काळातली माणसं" असं काहीबाही बोलू लागला. काहींच्या मते ही गाडी घेतल्यामुळे डेल्बर्ट आता त्या पक्षाचा झाला होता, काहींच्या मते या पक्षाचा. त्याने आजवर मत कुणाला दिलं हे नेल्डालाही ठाऊक नव्हतं. आता अनोळखी माणसं खिडकीशी येऊन त्याला जाब विचारू लागली. तो आत बसून समोर बघत राहायचा. जिनमध्ये एवढे पट्टे फिरत होते, पण आपण कशात सापडलोय असं त्याला तिथे कधी वाटलं नव्हतं. इथे वाटायचं.

गाडी निवडली होती नेल्डाने.

नेल्डा म्हणजे घराच्या बंदिस्त करून घेतलेल्या ओसरीत तीस वर्षं ब्यूटी पार्लर चालवणारी बाई. गावातल्या झाडून सगळ्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून गेलेली. कुणाचे केस कधीपासून पांढरे, कुणाचा नवरा कधीपासून घरी उशिरा येतो, सगळं तिला आरशातून कळायचं. स्वतः मात्र ओठांना रंग लावल्याशिवाय ती पत्रपेटीपर्यंतही गेली नाही. तोंडाने इतकी बोलकी, की डेल्बर्टला बोलायची गरजच पडली नाही.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली, आणि बोलणं गेलं. "हो", "नको", "चल" एवढे शब्द राहिले. बाकीचे असायचे, पण भलत्याच जागी. पाणी हवं असलं तर "बूट" म्हणायची, आणि आपण चुकलो हे तिला कळायचं. ते कळणं बघवत नसे.

जुन्या पिकअपमध्ये तिला चढवणं जमेना. मुलगी केंड्रा लबक शहराहून आली आणि तिने फोनवर एकेक गाडीचा फोटो आईपुढे धरला. उताराची फळी असलेल्या व्हॅन, बसक्या गाड्या, सगळं दाखवून झालं. नेल्डा प्रत्येकाला "नको" म्हणत गेली. ही पोलादाची गाडी आली तेव्हा तिने डावा हात फोनवर ठेवला.

"ममा, ही? ही मी गंमत म्हणून दाखवली," केंड्रा म्हणाली.

"हो," नेल्डा म्हणाली, आणि हात काही उचलेना.

गाडी बटण दाबलं की जमिनीकडे खाली बसायची, त्यामुळे खुर्चीतून सीटवर सरकणं सोपं जाईल, म्हणून तिने ती पसंत केली असणार असं दोघांनी ठरवून टाकलं. डेल्बर्टने वाद घातला नाही. झटक्यानंतर तिने स्वतःहून मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. जुनी पिकअप बदल्यात गेली.

आणि तिच्याबरोबर हॉइट गेला, असं म्हटलं तरी चालेल.

हॉइट प्रूइट शेजारच्या शेतातला, शाळेपासूनचा मित्र. आमच्याकडे पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत. समोरासमोर पत्ते खेळायचे नाहीतर भांडायचं. मनातलं काही बोलायचं झालं की कुणाच्यातरी पिकअपच्या हौद्याच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकायची, एक पाय चाकावर ठेवायचा आणि हौद्यात बघत राहायचं. दुसऱ्याने पलीकडच्या कठड्यावर तेच करायचं. हौद्यात असतं काय, तारेचं भेंडोळं, रिकामी बादली, कपाशीचा चुरा. पण त्या बादलीकडे बघत माणूस असं काही बोलून जातो, जे तो पाद्र्यापुढेही बोलणार नाही. आपली बायको कायमची सोडून गेली, हे हॉइटने डेल्बर्टच्या बादलीलाच सांगितलं होतं. डेल्बर्टने ते ऐकलं आणि म्हणाला, "संध्याकाळी जेवायला ये." तो आला, आणि पुढे वर्षभर येत राहिला. त्या कठड्यावर दोघांत कधी खोटं बोलणं झालं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण पाळलं गेलं.

नव्या गाडीला कठडाच नाही. दोन्ही बाजू घराच्या छपरासारख्या उतरत्या, आणि हौद्यावर सरकतं झाकण. पहिल्या संध्याकाळी हॉइट सवयीने आला, सवयीने कोपर टेकवायला गेला आणि कोपर घसरलं. त्याने पुन्हा एकदा जरा खालच्या बाजूला प्रयत्न केला. ऊन खाऊन पोलाद तापलं होतं. तो मागे सरला, पत्र्यावर उठलेला आपल्या हाताचा ठसा त्याने बाहीने पुसला आणि हात खिशात घालून उभा राहिला.

"कपाशी बरी आहे यंदा," तो म्हणाला.

"बरी आहे," डेल्बर्ट म्हणाला.

बोलणं तिथेच संपलं. मग हॉइट एक दिवसाआड येऊ लागला, मग कधीतरी. भांडण नव्हतं, काही नव्हतं, फक्त उभं कुठे राहायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. आणि डेल्बर्टला तर सांगायचं होतं. घरात इतकी शांतता असते की घड्याळाचा राग येतो. नेल्डाच्या बडबडीला आपण कंटाळलो असं आपल्याला वाटायचं, आणि आता तिचा एक शब्द ऐकायला आपण स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभे राहतो. आपल्याला भीती वाटते. हे सगळं साठत गेलं होतं आणि ओतायला बादली नव्हती.

कपाशीची बोंडं फुटायला लागली तेव्हा हॉइट एकदा आला तो आपल्या गाडीतून उतरलाच नाही. खिडकीतूनच म्हणाला, "जरा माझ्या शेडपर्यंत चल."

शेडमध्ये डेल्बर्टची जुनी पिकअप उभी होती. तोच फिका हिरवा रंग, मागच्या फाळक्याला तोच पोचा.

"जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या आवारात उभी दिसली," हॉइट म्हणाला. "म्हटलं, कुणीतरी रंगवून बिंगवून वाटोळं करील." मग त्याने नेल्डाच्या बाजूचं दार उघडलं. खाली दुमडती पायरी जोडलेली होती, आणि सीट बाहेरच्या बाजूला वळेल अशी बसवली होती. वेल्डिंग हॉइटचंच, ओबडधोबड पण घट्ट. "मी स्वतः बसून पाहिलं. नेल्डाचं वजन माझ्या निम्मंही नाही. तुझ्या त्या पत्र्याच्या पेटीला लबकमध्ये गिऱ्हाईक आहे, माझ्या भाच्याच्या ओळखीचं. शनिवारी येऊन घेऊन जाईल. तू नुसता हो म्हण."

डेल्बर्ट हौद्यापाशी गेला. त्याने कठड्यावर कोपरं टेकली. हौद्यात तीच बादली होती. आता बोलावं असं त्याला वाटलं, पण इतक्या महिन्यांचं एकदम वर येईना. तो एवढंच म्हणाला, "आधी नेल्डाला सांगतो."

"सांग की. तिला काय, सुटल्यासारखं होईल," हॉइट म्हणाला.

घरी येऊन त्याने सांगितलं. नेल्डा खिडकीशी बसली होती. तिने ऐकलं, डाव्या हाताने मांडीवरचं पांघरूण वर ओढलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "हो" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. ती दमली असेल असं डेल्बर्टने धरून चाललं. खरं सांगायचं तर त्याला तसंच धरून चालायचं होतं. त्या दिवशी तो बऱ्याच काळाने शीळ घालत अंगण झाडताना दिसला.

त्याच आठवड्यात गाडीच्या चाकात मेस्कीट बाभळीचा काटा गेला. तसलं चाक आमच्या गावात कुणाकडे असणार, ते लबकला पाठवावं लागलं. बुधवारी चर्चमध्ये प्रार्थनेआधी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो. केंड्राने आपली व्हॅन आणली. साधी, तपकिरी, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी. डेल्बर्टला बरं वाटलं. आज कुणी काच ठोठावणार नाही, कुणी फ्रिज म्हणणार नाही.

आणि खरंच, व्हॅनकडे कुणी बघितलं नाही.

नेल्डाची खुर्ची खाली उतरली तशा चर्चच्या दारातल्या बायका तिच्याकडे वळल्या. तीस वर्षं जिच्या हाताखाली माना दिल्या त्याच बायका. वाईट कुणीच नव्हतं, सगळ्यांना कळवळाच होता. ग्लेंडा रे गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडून म्हणाली, "काय म्हणतेय आमची नेल्डा? बरी आहे ना गं आमची सोनुली?" दुसरीने नेल्डाचे वाढलेले पांढरे केस कानामागे सारले आणि मागे उभी असलेलीला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. जेवताना ग्रेव्हीचा ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून आला, तर तिसरीने न विचारता पुढे होऊन तो पुसला, आणि सगळं टेबल ते बघत होतं. पुरुष तेवढे ताटात बघू लागले. नेल्डाने जरा ओठ हलवून बोलायचा प्रयत्न करावा, तर चार चेहरे जवळ येऊन वाट बघायचे.

"प... पडदा," नेल्डा म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

"हो गं हो, पडदा," ग्लेंडा रे म्हणाली आणि तिचा गाल थोपटला.

नेल्डाने डावा हात उचलून चेहऱ्याच्या त्या ओघळलेल्या बाजूवर धरला आणि तो पुन्हा खाली केला नाही. पुढ्यातला पेकनच्या गोड पायचा तुकडा तसाच राहिला. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच डेल्बर्टने खुर्ची बाहेर काढली. केंड्रा तिचं भांडं आणायला आत गेली होती. व्हॅनपाशी तो नेल्डाच्या पुढ्यात वाकला, तिच्या पायावरचं पांघरूण नीट करायला.

"गाडी," नेल्डा म्हणाली.

"ही काय, उभीच आहे की."

"नको. आपली." तिने डोळे मिटले, तोंडात शब्द चाचपले. कपाळावर घाम आला. "ते... गाडी... बघतात." थोडं थांबून तिने हात चेहऱ्यावरून काढला, आणि डेल्बर्टला तो चेहरा पूर्ण दाखवला. "गाडी बघतात."

झटक्यानंतर तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड वाक्य. डेल्बर्ट वाकला होता तसाच राहिला. त्याला एकामागून एक रविवार आठवू लागले. तो नेल्डाला उतरवत असायचा आणि सगळं गाव गाडीच्या नाकाशी गोळा झालेलं असायचं. कुणी पत्र्यावर टकटक करतंय, कुणी फोटो काढतंय, कुणी गाडीच्या छपरापलीकडून ओरडून त्यालाच टोमणा मारतंय. मान खाली घालून तो खुर्ची ढकलत आत न्यायचा, आणि सगळ्यांची पाठ या दोघांकडे असायची. एकाही माणसाने नेल्डाकडे बघितलं नव्हतं. आत जाऊन बाकाच्या टोकाशी, खांबाच्या आडोशाला ती बसलेली असायची तेव्हा लोक बाहेरून हसतच यायचे. लाजेने त्याला एवढं दिसलं नव्हतं. तिला मात्र फोनवरचा तो फोटो बघताच कळलं होतं. माणसं कशाकडे बघतात, यात तिचा जन्म गेला होता.

तो तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिथेच जमिनीवर बसला. रडू आलं ते त्याने आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चालत हॉइटच्या शेडवर गेला. हॉइट नव्या पायरीला तेल देत होता. डेल्बर्टला बघून त्याने हात पुसले, आणि दोघंही हौद्याच्या दोन बाजूंना जाऊन टेकले.

"शनिवारी दुपारी येतोय तो," हॉइट म्हणाला.

"त्याला येऊ नको म्हण."

हॉइटने मान वर केली नाही. बादलीकडेच बघत त्याने विचारलं, "नेल्डा नको म्हणाली?"

इथे डेल्बर्ट अडकला. हो म्हणावं, तर हॉइट विचारणार की का. आणि का ते एकदा सांगितलं, की ते एकाला कळलं. हॉइट काही गावभर करणारा नव्हता. पण पुढच्या रविवारी गाडी उभी राहिली की तो गाडीकडे बघणार नाही, नेल्डाकडे बघेल, हळूच, मायेने, आणि नेल्डाला ते पहिल्या क्षणात कळेल. ती माया कशी असते ते डेल्बर्टने कालच बघितलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मलाच आवडते ती."

"तुला?"

"हो. सवय झाली. लोक बघतात, चार शब्द बोलतात. बरं वाटतं या वयात."

शेडच्या पत्र्यावर वारा वाजत होता. हॉइटने हात घालून बादलीची कडी सरळ केली. त्याच्या बोटांना वेल्डिंगचे चटके होते, काही अजून ओले होते.

"बरं वाटतं," तो शेवटी म्हणाला. "लेका डेल, एवढी वर्षं झाली आणि तू असा आहेस हे मला माहीतच नव्हतं."

"मलाही नव्हतं," डेल्बर्ट म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

हॉइटने कोपरं उचलली, तेलाचा डबा उचलला आणि तो पायरीपाशी जाऊन बसला. डेल्बर्ट थोडा वेळ टेकून राहिला. त्या कठड्यावर आता आपल्याला पुन्हा टेकता येणार नाही हे त्याला कळत होतं. घड्याळाचा राग, स्वयंपाकघराचं दार, ती भीती, सगळं घेऊन आला होता तसंच तो ते घेऊन परत निघाला.

रविवारपर्यंत चाक दुरुस्त होऊन गाडीला लागलं होतं. चर्चपुढे त्याने ती आडवी लावली, त्याची बाजू लोकांकडे आणि नेल्डाची बाजू खुर्चीसाठी उतार असलेल्या चर्चच्या दाराकडे. केंड्राला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की आजपासून ममाला तू न्यायचंस. गाडी खाली बसली आणि नेहमीसारखी माणसं जमू लागली.

"काय डेल्बर्ट, मंगळावर पाऊसपाणी कसं आहे?" कुणीतरी विचारलं आणि हशा झाला.

इतके दिवस असं कुणी म्हटलं की तो मान खाली घालायचा. आज तो खाली उतरला, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "या, या. असं लांबून काय बघता? हे मागचं झाकण बघा, हात न लावता कसं जातं ते." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. कान तापले होते. लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत जवळ आले. डेल्बर्ट स्टोव्हॉल भाषण करतोय हे बघायला बायकाही पायऱ्या उतरून आल्या, आणि त्यांच्यात ग्लेंडा रेही होती.

डोक्यांच्या वरून त्याला आवाराच्या टोकाला उभी असलेली हिरवी पिकअप दिसली. तिच्या कठड्यावर हॉइट एकटाच टेकला होता आणि हौद्यात बघत होता. त्याने इकडे मान केली नाही.

पलीकडे चाकांचा आवाज आला. उताराच्या टोकाला खुर्ची उंबऱ्याला अडली होती, केंड्रा ती मागे घेऊन पुन्हा लावत होती. झाकण पूर्ण उघडून झालं होतं. गर्दीतले एकदोघं आता चर्चच्या दाराकडे वळायच्या बेतात होते.

"थांबा, थांबा," डेल्बर्ट मोठ्याने म्हणाला. "पुन्हा एकदा दाखवतो." आणि त्याने बटण दाबलं.